डायरीत कायम ९.८ : एडिसनच्या एका रीफ टँकची केस

आधी टँक सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका ताईंचा चार फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायचा टँक), १२० गॅलनचा म्हणजे कागदावर ४५४ लिटर, खाली संप (पंप-हीटर ठेवायची दुसरी टाकी) आहे, पण दगड-वाळूने अडवलेली जागा वजा करून आणि संपमधलं पाणी धरून खरं पाणी भरतं साधारण ४०० लिटर. हा ४०० चा आकडा लक्षात ठेवा कारण पाण्यात घालायच्या रसायनांचा सगळा डोस याच्यावर निघतो, पुष्कळ लोक काचेच्या मापावरून डोस काढतात आणि दर वेळी जास्त पडतं. आत ॲक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या दगडी कोरलच्या सात-आठ कॉलनी, माँटिपोरा या पसरट दगडी कोरलच्या दोन मोठ्या थाळ्या, एक मॅक्झिमा शिंपला आणि मागच्या काचेवर जांभळं कोरलाइन शेवाळ भरपूर. म्हणजे झाडून सगळे चुन्याचा सांगाडा घालणारे जीव, पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज ओढणारे. टँक तीन वर्षांचा, सुरुवातीला सगळ्या बोटभर काड्या होत्या आता त्यांचे मुठीएवढे गुच्छ झालेत, आणि खरं सांगायचं तर केस इथेच सुरू होते, टँक वाढला पण डोस द्यायची पद्धत काड्यांच्या वेळचीच राहिली.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला, शनिवारी बसले, ताईंकडे दीड दिवसाचा असतो आणि दोन्ही दिवस मिळून घरात चाळीसेक माणसं येऊन जातात. सोमवारी त्यांचा फोन आला, "अरे, ॲक्रोची टोकं पांढरी पडलीयेत, पॉलिप सगळे आत गेलेत, कापूर-उदबत्तीचा धूर लागला असेल का रे?" धुराची शंका अगदीच चुकीची नव्हती, स्किमर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून घाण काढणारं यंत्र) खोलीतलीच हवा ओढतो त्यामुळे खोलीत जे असेल ते पाण्यात जाणारच. पण मी विचारलं की टोकं याआधी कधी अशी झाली होती का, तर म्हणाल्या उन्हाळ्यापासून अधूनमधून होतात, परत भरून येतात, या वेळी जरा जास्तच झालंय. गणपती वर्षातून एकदा आणि टोकं मात्र उन्हाळ्यापासून जळतायत, म्हटल्यावर धुराचा विचार मी बाजूला ठेवला आणि संध्याकाळी टेस्ट किट घेऊन गेलो.

मोजलं तेव्हा अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, पुढे नुसतं अल्क म्हणतो, त्याचं एकक डीकेएच) ११.८ डीकेएच, कॅल्शियम ४५०, मॅग्नेशियम ११४० (हे दोन्ही पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग), नायट्रेट जवळजवळ शून्य, फॉस्फेटही अगदी कमी कारण रिॲक्टरमध्ये जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे, चालू. तुलनेसाठी सांगतो, नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ३५ खारटपणाला (म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅल्शियम साधारण ४१०, मॅग्नेशियम १२८० ते १३०० आणि अल्क साडेसहा-सातच्या आसपास असतं. रीफवाले अल्क ७ ते ९ च्या पट्ट्यात कुठेतरी ठेवतात, काही जण जास्तही ठेवतात आणि त्यांचे टँक छान चालतात. म्हणजे ११.८ हा आकडा एकटा बघितला तर विष नाहीये. अन्न कमी असलेल्या, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट तळाला गेलेल्या टँकमध्ये अल्क वर गेलं की ॲक्रोची टोकं जळतात हा मात्र पुष्कळांचा अनुभव आहे, माझाही आहे. प्रश्न हा होता की ११.८ वर गेलं कशामुळे.

ताईंनी डायरी पुढे ठेवली. इतकी नीट डायरी मी फार कमी लोकांकडे बघितलीय, दर रविवारी सकाळी टेस्ट, तारीख, तापमान, सगळं. आणि अल्कच्या रकान्यात महिनोन्‌महिने ९.७, ९.८, ९.८, ९.६, ९.८. ताई म्हणाल्या, "बघ, यापेक्षा स्टेबल काय असतं?"

मग मी विचारलं की डोस कधी देता. तर दर शनिवारी दुपारी, खाण्याचा सोडा तीन मोठे चमचे, मगभर आरओ पाण्यात कालवून, एकदम संपमध्ये. मोठा चमचा साधारण १४ ग्रॅम धरला तर ४२ ग्रॅम. १०० लिटर पाण्याचं अल्क १ डीकेएच वर न्यायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो, म्हणजे ४०० लिटरला १२ ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅमला साडेतीन डीकेएच. आता डोस शनिवारी दुपारी आणि टेस्ट रविवारी सकाळी, म्हणजे टेस्ट नेहमी सगळ्यात उंच जागी होत होती. पुढच्या शनिवारी सकाळी, डोस पडायच्या आधी, अल्क कुठे असायचं हे कोणी कधी मोजलंच नव्हतं. हिशोब सोपा आहे, दर रविवारी परत ९.८ लाच येत असेल तर आठवड्यात जेवढं घातलं तेवढंच खाल्लं गेलं, म्हणजे शनिवारी सकाळी साडेसहाच्या आसपास. दर आठवड्याला साडेसहा, मग तासाभरात दहा, मग हळूहळू खाली साडेसहा, परत दहा. डायरी खोटी नव्हती, प्रत्येक आकडा बरोबर मोजलेला होता, फक्त सगळे आकडे एकाच वेळचे होते.

मला या केसमधली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि म्हणून एवढं लिहायला बसलो. कोरलला ८ हवं की ९ हवं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण ७.५ ला वर्षभर ठेवलेला टँक आणि साडेसहा-दहा-साडेसहा करणारा टँक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आठवड्याला एक टेस्ट करून तो दिसतच नाही.

आता पुढचा प्रश्न, हे कॅल्शियममध्ये का दिसलं नाही? ताईंचं कॅल्शियम कायम ४३० ते ४६० मध्ये, तेही पावडर महिन्यातून दोन-तीनदाच घालून. इथे थोडी केमिस्ट्री सांगतो, कंटाळू नका. कोरल सांगाडा घालतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणातच जातं, अल्क १ डीकेएच खाल्लं की त्याच्याबरोबर कॅल्शियम साधारण ७ पीपीएम खाल्लं जातं. हे प्रमाण कोणत्याही टँकमध्ये जवळपास तेच, कारण ते त्या पदार्थातच आहे. आता आठवड्याला साडेतीन डीकेएच गेलं तर कॅल्शियम गेलं २५ पीपीएम. दहातले साडेतीन म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि ४५० मधले २५ म्हणजे पाच-सहा टक्के, जे बऱ्याच कॅल्शियम किटच्या १०-१५ पीपीएमच्या चुकीत जवळपास लपून जातं. अल्क म्हणजे पाकिटातली रोकड आणि कॅल्शियम म्हणजे बँकेतली एफडी, खर्च दोन्हीतून होतो पण आधी चणचण पाकिटात जाणवते. म्हणून रोजचा खप मोजायचा तर अल्कवरूनच मोजायचा, कॅल्शियम महिन्यातून दोनदा बघितलं तरी चालतं. लोक नेमकं उलटं करतात, कारण कोरल म्हटलं की सगळ्यांना आधी कॅल्शियम आठवतं.

एवढ्याने साडेसहा ते दहाचा हेलकावा कळला, पण ११.८ चं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ते मिळालं पीएचच्या ग्राफमध्ये. ताईंच्या टँकला पीएच प्रोब आहे, मोबाईलवर ग्राफ दिसतो. एरवी रात्री ७.८ आणि दिवसा ८.० असं चालणारी रेघ शनिवारी संध्याकाळी आरतीच्या सुमाराला उतरायला लागली ती रात्री ७.६ ला टेकली, रविवारी परत तेच. कारण उघड आहे, बाहेर उकाडा, एसी चालू म्हणून खिडक्या बंद, आत चाळीस माणसं श्वास घेतायत, स्वयंपाकघरात गॅसच्या चारही शेगड्या दिवसभर पेटलेल्या, मोदकांचा घाणा उतरतोय, वरण-भाताचे कुकर लागतायत. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढला, स्किमरने तीच हवा पाण्यात कालवली, पीएच पडला.

मी ताईंना विचारलं की पीएच पडल्यावर काही केलंत का. भाऊजी मागून म्हणाले, "बफर घातला ना तू दोन्ही रात्री." झालं. पीएच बफर म्हणून जी पावडर मिळते ती बहुतेक कार्बोनेट-बायकार्बोनेटच असते, म्हणजे शुद्ध अल्क. लेबलवरच्या प्रमाणाने हिशोब केला तर प्रत्येक रात्री सव्वा ते दीड डीकेएच. शनिवारी सकाळी साडेसहा, दुपारी सोडा पडून दहा, मग दोन रात्रींचा बफर मिळून अडीच-पावणेतीन, त्यातून दोन दिवसांचा खप वजा, आणि सोमवारी संध्याकाळी किटवर ११.८. आकडा बरोबर जुळला. तीन दिवसांत पाचाहून जास्त डीकेएच वर, म्हणजे टोकं जळायला धुराची गरजच नव्हती.

इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगावीशी वाटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की पीएच पडतो पण अल्क बदलत नाही. पाहुणे आले, पीएच ७.६ झाला, तरी त्या वेळी अल्क होतं तेवढंच होतं. त्यावर बफर घातला की पीएच काही तास वर जातो, मग पाणी खोलीतल्या हवेशी परत जुळवून घेतं आणि पीएच होता तिथे येतो, अल्क मात्र वरच राहतं. दुसऱ्या रात्री पीएच परत पडलेला दिसतो म्हणून माणूस परत बफर घालतो. पीएचचा त्रास हवेचा असेल तर इलाज हवेचाच करायचा, आणि पाहुण्यांचा असेल तर पाहुणे जाईपर्यंत थांबायचं.

तिसरी भानगड संपमध्ये होती. हीटर बाहेर काढला तर त्याच्यावर पांढरा खरखरीत थर, नखाने निघेना, व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तर फसफसला. रिटर्न पंपाच्या पंख्यावरही तोच थर. म्हणजे घातलेलं कॅल्शियम आणि सोडा यातला काही हिस्सा कोरलकडे न जाता हीटरवर चुना होऊन बसत होता. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं म्हणून थर आधी हीटरवर धरतो, आणि सोड्याचा मग जिथे एकदम ओतला जायचा तिथे, ताईच म्हणाल्या, पाणी क्षणभर दुधाळ दिसायचं. हे कमी व्हायला पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं लागतं, ते चुन्याच्या नव्या कणांवर बसून त्यांची वाढ अडवतं, आणि इथे मॅग्नेशियम होतं ११४०.

ते कमी का, तर अर्धं उत्तर खारटपणात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ दाखवत होता पण तो साध्या आरओ पाण्यावर शून्याला लावलेला. ३५ च्या तयार द्रावणाचा थेंब ठेवला तर त्याने ३७ दाखवलं. म्हणजे टँक खरा ३३ वर होता. खारटपणा सहा टक्के कमी म्हणजे मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळंच सहा टक्के कमी. रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर बरोबर आहे म्हणून ३५ वर पण बरोबर असेल असं नसतं, कॅलिब्रेट करायचा तर ज्या आकड्याजवळ वापरणार त्याच आकड्याच्या द्रावणावर.

किटवरही विश्वास ठेवायच्या आधी एक तपासणी केली, घरी कोणालाही जमेल अशी आहे. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.३ ग्रॅम खाण्याचा सोडा म्हणजे १० डीकेएच. घरच्या काट्यावर ०.३ नीट मोजता येत नाही म्हणून १० लिटरमध्ये ३ ग्रॅम घ्यायचे, नीट ढवळायचं आणि किट लावायचं. निळसर-हिरवा रंग जाऊन गुलाबी-नारिंगी होतो तो नेमका थेंब पकडायचा, रंग बदलायला लागला की एकेक थेंब टाकून हलवायचं, घाई करायची नाही. ताईंच्या किटने ९.८ दाखवलं. म्हणजे किट चांगलं होतं, डायरीतले सगळे आकडे खरे होते.

मग उपाय. पहिला उपाय म्हणजे काहीच न करणं, आणि ताईंना हाच सगळ्यात जड गेला. त्यांना लगेच अर्धं पाणी बदलायचं होतं. मी म्हटलं, ताई, वर जाताना जो धक्का बसला तोच खाली येताना कशाला द्यायचा, कोरल स्वतःच खातील आणि येईल खाली. सोडा बंद, बफर बंद, कॅल्शियम पावडर बंद. जीएफओ पण काढून टाकला आणि माशांचं खाणं थोडं वाढवलं म्हणजे पाण्यात जरा अन्न राहील. त्याच आठवड्यात खारटपणा ३३ वरून ३५ वर आणला, वेगळं मीठ न घालता, टॉप-अपच्या बादलीत गोड्या पाण्याऐवजी ३५ चं खारं पाणी भरून. रोज साडेचार लिटरच्या आसपास पाणी उडतं, त्याच्या जागी खारं पाणी गेलं की पाच-सहा दिवसांत हळूहळू ३५ होतं आणि कोणाला काही कळत पण नाही.

आठवड्याभरात अल्क ८.३ वर आलं. त्या आठवड्यातले आकडे खपाच्या हिशोबात धरले नाहीत कारण खारं पाणी आत जात होतं, त्याचं स्वतःचं अल्क होतंच. शिवाय अल्क उंच असताना खप जास्त असतो आणि खाली येईल तसा मंदावतो. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ च्या मोठ्या समुद्र-टाकीत १९९० च्या दशकात संशोधकांनी हेच मोजलं होतं की पाण्याची कॅल्शियम कार्बोनेटची संपृक्तता बदलली की सगळ्या रीफचा चुना घालायचा वेगच बदलतो. म्हणून खप मोजायचा तो जिथे राहायचं ठरवलंय त्या आकड्यालाच.

राहायचं कुठे, तर ८.३. हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही. ताई वापरतात ते मीठ ३५ ला कालवून मोजलं तर ८.२ येतं, बस एवढंच कारण. आपल्या मिठाच्या आकड्याजवळ टँक ठेवला की दर आठवड्याच्या दहा टक्के पाणीबदलाने काही हलत नाही. मीठ ८ चं आणि टँक ११ ला ठेवायचा हट्ट असला की प्रत्येक पाणीबदल हा एक छोटा धक्काच.

मग चार दिवस काहीही न घालता रोज सकाळी लाइट लागायच्या आधी त्याच वेळी टेस्ट. ८.३, ७.८, ७.३, ६.८. रोज अर्धा. याच्यावर सगळा डोस बसवला. ४०० लिटरला अर्धा डीकेएच म्हणजे खाण्याचा सोडा ६ ग्रॅम, पण पीएच आधीच कमी असलेला टँक म्हणून आम्ही सोडियम कार्बोनेट घेतलं, ते ३.८ ग्रॅम लागतं. विकत नसेल मिळत तर खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये ३०० फॅरनहाइटला तासभर पसरून भाजायचा, त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरतात, तेच सोडियम कार्बोनेट. दुकानातला धुण्याचा सोडा मात्र सरसकट वापरू नका, त्यात बहुतेक वेळा पाणी बांधलेलं असतं त्यामुळे वजनाचा हिशोब चुकतो, आणि काहींमध्ये सुगंध वगैरे पण असतो.

कॅल्शियमचं उत्तर प्रमाणातून आलं, वेगळं मोजायची गरज नाही. अर्धा डीकेएच म्हणजे ३.६ पीपीएम, ४०० लिटरला १.४ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ५.२ ग्रॅम रोज. दोन बाटल्या केल्या, एकीत लिटरला ७६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, दुसरीत लिटरला १०४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे दोन्हीतून रोज बरोबर ५० मिली. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात टाकलं की भांडं चांगलंच गरम होतं, काचेच्या बाटलीत गरम गरम भरू नका. आधी अल्क हळूहळू दोन दिवसांत ८.३ वर परत आणलं आणि मग डोसिंग पंप लावला, अल्क दिवसभरात चोवीस वेळा, साधारण दोन-दोन मिली, जिथे पाण्याला जोर आहे तिथे. कॅल्शियमची वेळ आणि जागा दोन्ही वेगळी, मध्ये अर्धा तास तरी, नाहीतर दोघं पाण्यातच भेटून चुना होतात.

कॅल्शियमचा पंप मात्र पहिले दोन आठवडे बंदच ठेवला. खारटपणा वाढल्यावर कॅल्शियम पावणेपाचशेवर गेलं होतं, ते खपाने आपोआप ४३० ला येऊ दिलं, मग चालू केला. मॅग्नेशियम खारटपणाने १२१० च्या आसपास आलंच होतं, उरलेल्या नव्वदसाठी मॅग्नेशियम क्लोराइड ३०० ग्रॅम, चार दिवसांत विभागून. हीटर आणि पंप व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून साफ केले. स्किमरच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून ती खिडकीच्या फटीतून बाहेर काढली, आणि फट फोमने बुजवली कारण भाऊजींना एसी बाहेर जाण्याची काळजी. नुसत्या या नळीने रात्रीचा पीएच ७.८ वरून जवळजवळ ७.९५ वर आला, एक रुपयाचं रसायन न घालता.

आता गंमत अशी की पीएच सुधारल्यावर अल्क परत उतरायला लागलं. ८.३, ८.२, ८.०. ताईंना वाटलं पंप बिघडला. पंप ठीक होता, मोजपात्रात धरून बघितलं. कोरल जास्त खायला लागले होते, पीएच वाढला की त्यांना सांगाडा घालणं सोपं जातं. खप अर्ध्याचा झाला ०.६५, म्हणून दोन्ही पंप ५० चे ६५ मिली केले. दोन्ही एकदमच वाढवायचे, एकट्या अल्कचा वाढवायचा नाही, नाहीतर महिना-दोन महिन्यांत कॅल्शियम सरकायला लागतं आणि मग माणूस त्याच्या मागे धावतो. डोस एकदा बसवला की झालं असं या छंदात कधीच नसतं, टँक जितका छान चालेल तितका खप वाढतो.

दिवाळीत घर परत भरलं. पीएच ७.७ ला टेकला, नळी बाहेर असूनही, कारण चकल्या-अनारसे आणि माणसं. ताईंनी बफरचा डबा उघडला नाही. रोज टेस्ट केली तर अल्क ८.२ ते ८.४. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पीएच आपोआप जागेवर. ॲक्रोच्या जळलेल्या टोकांवर तोपर्यंत नवी कातडी चढली होती, दोन कॉलनी मात्र बुंध्यापासून सोलत गेल्या त्या वाचल्या नाहीत, एकीचं हिरवं टोक कापून वेगळं लावलंय ते धरलंय. माँटिपोराच्या थाळीला कडेने पांढरी वाढीची किनार परत दिसायला लागली, ती किनार आणि जळकं टोक दोन्ही पांढरंच दिसतं पण किनारीला कड गुळगुळीत आणि जिवंत असते, जळक्या टोकाला नुसता सांगाडा उघडा पडतो आणि आठवड्यात त्याच्यावर शेवाळ धरतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी मध्येच सांगतो. सगळे दगडी कोरल आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, मालवणला पाण्याखाली दिसतात ते पण त्यातच, त्यांना हात लावायचा नाही आणि घरी आणायचे नाहीत. त्यामुळे पुण्या-मुंबईतले टँक मुख्यतः माशांचे आणि मऊ कोरलचे, त्यांचा खप एवढा कमी की बऱ्याच वेळा चांगल्या मिठाचे नियमित पाणीबदल पुरतात. या केसमधला ५० मिलीचा आकडा उचलून तिथे लावू नका. चार दिवस रोज एकाच वेळी मोजायची रीत मात्र कुठेही चालते, आणि खप शून्य निघाला तर डोस पण शून्य.

वसंतात खप रोज १ डीकेएचच्या वर गेला तेव्हा आम्ही थोडा भार चुन्याच्या निवळीवर टाकला. खाद्य दर्जाचा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, इथे लोणच्यासाठी म्हणून मिळतो तो. पानाचा चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. पूर्ण संपृक्त निवळी करायला लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, आणि रोजच्या साडेचार लिटर टॉप-अपमध्ये सगळी निवळीच दिली तर या टँकला रोज सव्वा डीकेएचच्या वर मिळतं, कॅल्शियम त्याच्याबरोबर आपोआप बरोबर प्रमाणात. आम्ही अर्ध्या ताकदीची देतो, म्हणजे साधारण ०.६, बाकीचं डोसिंग पंपावर. अर्धीच का, तर एक म्हणजे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी उडण्याचं प्रमाण बदलतं, सगळा भार त्याच्यावर ठेवला तर अल्क हवामानाबरोबर हलणार. दुसरं, निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, टॉप-अपचा सेन्सर अडकून बादली एकदम रिकामी झाली तर एका रात्रीत टँक जाऊ शकतो. म्हणून टॉप-अपची बादली मुद्दाम छोटी, सहा लिटरची ठेवलीय, आणि निवळी अर्ध्या ताकदीची असल्याने सगळी पडली तरी पाऊण-एक डीकेएचच्या आतबाहेर राहील. सेन्सर दर रविवारी पुसायचा. टेस्ट आता बुधवारी आणि रविवारी, एकदा सकाळी आणि एकदा रात्री, आणि डायरीत अल्कच्या शेजारी ताईंनी नवा रकाना आखलाय, "शेवटचा डोस पडून किती तास झाले".